गाजरगवत आणि शेतमजुरी: शिरूर-दौंड पट्ट्यातील एका त्वचारोगाचा इतिहास

गाजरगवत म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस. शेतकरी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. हे तण मूळचे अमेरिका खंडातले. प्रा. परांजपे यांना ते १९५१ मध्ये पुण्यात दिसले आणि १९५६ मध्ये रोला शेषगिरी राव यांनी त्याची रीतसर नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर हे बी आले, अशी सर्वत्र समजूत आहे. मात्र त्या योजनेखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ चा, म्हणजे ते पुण्यात पहिल्यांदा दिसल्यानंतरचा. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गच्या १८१४ च्या वनस्पतीसूचीतही हे नाव आढळते. तेव्हा त्या गव्हाने तण फैलावायला हातभार लावला असेल, पण ते देशात पहिल्यांदा त्यानेच आणले, हे पटत नाही.

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेतले तालुके. घोड नदीवरचे शिरूर आणि भीमेवरचे दौंड, दोन्हीकडे माळरान आणि बागायत एकमेकांना लागून आहे. मुठा उजव्या कालव्याने दौंडला आणि पुढे घोड, चासकमानच्या पाण्याने शिरूरला ऊस व कांदा वाढवला. गाजरगवताला हेच हवे असते: उकरलेली माती, पाटाचा ओलावा, पडीक बांध, रस्त्याची कड. एका झाडाला हजारो बिया येतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल धरते. कांद्याचे वाफे असोत की उसाच्या सऱ्या, बायांच्या टोळ्या उकिडव्या बसून खुरपणी करतात. साडीवरून पुरुषी शर्ट, डोक्याला आणि तोंडाला पदर गुंडाळलेला, हातात खुरपे असा त्यांचा वेश असतो. गाजरगवत उपटताना पाने-फुले बोटांत चुरगळतात. पुरुषांचा संबंध येतो तो बांध साफ करताना, पाणी धरताना आणि पडीक रान मोडताना.

या झाडातले पार्थेनिन हे द्रव्य त्वचेची ॲलर्जी निर्माण करते. पुण्यातल्या रुग्णांवर लोणकर आणि जोग यांनी १९६८ मध्ये लिहिले. पुढे १९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांच्या लेखाने हा आजार जगभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांपर्यंत नेला. पहिल्या स्पर्शाला सहसा काही होत नाही. वारंवार संपर्क येऊन शरीराची प्रतिकारयंत्रणा एकदा का त्या द्रव्याला ओळखू लागली, की थोडी धूळही पुरते. पानांवरची बारीक लव वाळून वाऱ्यावर उडते. म्हणून झाडाला हात न लावणाऱ्याच्याही पापण्या, मान, कोपराची आणि गुडघ्यामागची घडी आधी लाल होते, मग खाजून खाजून जाड आणि काळी पडते. काहींना पुढे ऊनही सोसत नाही. अभ्यासांमध्ये रुग्णांत पुरुषांचे प्रमाण बरेच जास्त आढळले आहे, मुलांचे नगण्य.

रोजगाराचा प्रश्न इथे सुरू होतो. ॲलर्जीवरचा पहिला सल्ला असतो, ज्याने त्रास होतो त्यापासून दूर राहा. रोजंदारीवरच्या माणसाला हे जमत नाही. खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी गेली. १९७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीच्या कामांवरही माती, नाले आणि माळच होते. काम बदलले तरी सुटका नक्की नसते. सूर्यफूल आणि शेवंती गाजरगवताच्याच कुळातली असल्याने काही रुग्णांना त्यांचाही त्रास होतो, त्यामुळे खुरपणी सोडून फुलतोडणीला गेलेल्याचा चट्टा परत उठू शकतो. घरी खोबरेल तेल आणि कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी, नंतर दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम, असा उपचाराचा क्रम असतो. वैद्यकीय देखरेखीत स्टेरॉइड किंवा अझाथायोप्रिनने आजार आटोक्यात राहतो, पण त्यासाठी वरचेवर तपासण्या कराव्या लागतात आणि प्रत्येक तपासणी म्हणजे आणखी एक खाडा.

कामगार विम्याचे संरक्षण मात्र शेताच्या बांधापर्यंत आलेच नाही. १९४८ च्या कायद्याने आलेला कर्मचारी राज्य विमा कारखाने आणि आस्थापनांसाठी आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींतल्या कामगाराला तो लागू होऊ शकतो. शेजारच्याच रानातल्या खुरपणीवालीला नाही. धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यात वर्षातून एकदा तरी वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. शेतमजुराची कातडी कोणी तपासत नाही. शेतात आजार लागणाऱ्याला असा विमा आणि अशी तपासणी नसणे, हा या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय आहे.

तणाविरुद्धचे उपाय त्या मानाने जास्त झाले. कर्नाटकाने १९७५ मध्ये ते कायद्याने घातक तण ठरवले. १९८३ मध्ये मेक्सिकोहून झायगोग्रामा हा भुंगा आणून १९८४ मध्ये बंगळुरूत सोडण्यात आला. पाने खाणारा हा किडा पावसाळ्यात उपयोगी पडतो, पण पुढे जमिनीत सुप्त राहतो. टाकळ्याची दाट वाढ करून गाजरगवत दाबण्याचा मार्गही सांगितला जातो. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर जागृती सप्ताह होतो. फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून, मुळासकट उपटणे हाच आजही सर्वांत साधा उपाय आहे, आणि ज्यांना चट्टे उठतात त्यांना या कामाला लावू नये.