गर्भदोषनिदान, श्राव्यातीत

मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनितरंगांनी गर्भाची प्रतिमा मिळवून त्यातील गंभीर जन्मजात व्यंगे प्रसूतीपूर्वी ओळखण्याची पद्धती. व्यवहारात ती सोनोग्राफी या नावाने परिचित आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गर्भाशयातील गर्भ पाहण्याचे साधन क्ष-किरण हेच होते. कवटीचा घुमट व मेंदूचा बराचसा भाग ज्यात तयारच होत नाही, त्या अमस्तिष्कता या व्यंगाचे निदान त्यांनी होई. परंतु छायाचित्रात हाडे पुरेशी उमटेपर्यंत गर्भारपणाचे बरेच महिने उलटून गेलेले असत. शिवाय गर्भावस्थेत क्ष-किरण लागलेल्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे ॲलिस स्ट्यूअर्ट यांनी १९५६ व १९५८ मध्ये दाखवून दिले.

याच सुमारास ग्लासगो येथील प्रसूतिविज्ञ इअन डॉनल्ड यांचे लक्ष धातूंतील भेगा शोधणाऱ्या श्राव्यातीत उपकरणाकडे गेले. १९५५ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी आणि तुलनेसाठी मांसाचा एक तुकडा घेऊन ते बॉयलर बनविणाऱ्या एका कारखान्यात गेले. भिन्न ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांच्या) सीमांवरून तरंग निरनिराळे परावर्तित होतात, हे तेथे स्पष्ट झाले. अभियंते टॉम ब्राउन व वैद्य जॉन मॅकव्हिकार यांच्यासह त्यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या.

आरंभी या तंत्राचा मुख्य उपयोग गर्भाच्या डोक्याची रुंदी मोजून वाढ ठरविण्यासाठी होई. जेथे मोजण्यासारखी कवटीच सापडत नाही, तेथे व्यंग आहे, हा निष्कर्ष त्यातूनच निघाला. ग्लासगो येथेच उमेदवारी केलेले स्ट्यूअर्ट कँबल व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये सतराव्या आठवड्यात अमस्तिष्कतेचे निदान केल्याचे व त्यानंतर गर्भपात केल्याचे प्रसिद्ध केले. या व्यंगावर उपचार नाही आणि असे मूल जगत नाही; म्हणून लवकर मिळालेल्या ज्ञानाचा व्यावहारिक अर्थ आईवडिलांपुढे निर्णय ठेवणे एवढाच होता. या तंत्राचे जनक डॉनल्ड हे स्वतः ब्रिटनमधील १९६७ च्या गर्भपात कायद्याचे कट्टर विरोधक होते, हे लक्षणीय आहे.

१९७५ मध्ये दुभंगलेल्या कण्याचे निदानही प्रतिमेवरून झाले. तो थेट दिसणे कठीण असे. १९८६ मध्ये मात्र कवटीचा लिंबासारखा व लहान मेंदूचा केळ्यासारखा आकार ही त्याची सुगम गमके वर्णिली गेली. अमस्तिष्कता आता ११ ते १४ आठवड्यांतही ओळखता येते. हृदयाचे अनेक दोष मात्र विसाव्या आठवड्याच्या आसपास वा त्यानंतरच ध्यानात येतात.

भारतात ही गोष्ट अडचणीची ठरली, कारण १९७१ च्या कायद्याने गर्भपाताची मर्यादा वीस आठवडे ठेवली होती. मुदत उलटल्यावर आढळलेल्या हृदयदोषाच्या एका प्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये परवानगी नाकारली व या प्रश्नाची देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनुसार गर्भात मोठे व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरविल्यास आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही.

याच यंत्राने गर्भाचे लिंगही कळते. मुलींच्या गर्भांची हत्या रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये राज्यापुरता कायदा केला. केंद्रीय कायदा १९९४ चा असून तो २००३ मध्ये अधिक कडक झाला. व्यंगनिदानास त्यात मुभा आहे. मात्र तपासणीची नोंद ठेवणे आणि लिंग जाणून घ्यावयाचे नाही असे गर्भवतीचे लेखी प्रतिज्ञापन घेणे बंधनकारक आहे.