खिशांतील यंत्र आणि डोंगरांतील वार्ता

नवें यंत्र बाजारांत आलें कीं त्याच्या गुणांची यादी वाचण्यांत हौशी मंडळींचा वेळ मोठ्या आनंदांत जातो. पडदा केवढा, वजन किती, छायाचित्र किती स्वच्छ निघतें, हे प्रश्न रास्तच आहेत. ते विचारणाऱ्यांत आम्हीहि आहों. परंतु त्या यादींत एक प्रश्न सहसा आढळत नाहीं. हें यंत्र चालावें म्हणून त्याच्या बाहेरच्या किती गोष्टी चालू असाव्या लागतात? शहरांत हा प्रश्न सुचत नाहीं. महाड-पोलादपुराकडे पावसाळ्यांत तो सुचल्यावांचून राहत नाहीं. म्हणून त्या मुलखांतून या यंत्रांच्या इतिहासाकडे पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सावित्री नदी महाबळेश्वरीं उगम पावते, सह्याद्रीचा कडा उतरून पोलादपुरावरून महाडास येते, तेथें गांधारी तिला मिळते, आणि पुढें बाणकोटच्या खाडीनें ती समुद्रास जाते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस थोड्याच तासांत खालच्या बाजारपेठेंत येऊन ठेपतो. खाडीला भरती असली तर पाण्याची पुढची वाटहि अडते. अशा खोऱ्यांत वार्तेचें मोल तिच्या नवेपणांत नसून वेगांत असतें. तिनें पाण्याच्या आधीं पोंचावें, एवढीच तिच्याकडून अपेक्षा. पण ती पुरी होणें फार कठीण.

२० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें, तेव्हां ती वार्ता तोंडोतोंडीं, टपालानें व वर्तमानपत्रांनीं देशभर गेली. त्याच सालीं २३ जुलै रोजीं मुंबईस लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें नभोवाणीचें केंद्र सुरू झालें. वार्तेला पंख फुटले खरे, पण ते डोंगरांतल्या वाडीपर्यंत पोंचण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. त्या काळच्या रेडिओंत कांचेच्या झडपा असत. त्यांतली तार तापविल्यावांचून त्या काम करीत नसत, आणि तापविण्यांतच पुष्कळ वीज खर्चीं पडे. जेथें विजेच्या तारा नव्हत्या तेथें जड बॅटऱ्या हव्यात, आणि भरून घ्यावयाच्या बॅटऱ्या असल्या तर त्या वीज असलेल्या गांवीं वाहून न्याव्यात. शिवाय सरकारी परवाना वेगळाच. असा रेडिओ जवळ बाळगण्याची वस्तु नव्हता. तो दिवाणखान्यांतलें सामान होता.

हें चित्र पालटलें तें एका इवल्याशा वस्तूनें. डिसेंबर १९४७ मध्यें अमेरिकेंत बेल प्रयोगशाळेंत बार्डीन व ब्रॅटन यांनीं पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. शॉक्ली यांसह त्या दोघांस १९५६ चें नोबेल पारितोषिक मिळालें. यांत तापविण्याची तार नाहीं, म्हणून वीज लागे ती अगदीं थोडी. १९५४ सालीं रीजन्सी कंपनीचा चार ट्रान्झिस्टरांचा छोटा रेडिओ अमेरिकेंत विक्रीस आला; १९५७ सालीं जपानच्या सोनीनें खिशांत मावणारा म्हणून आपला संच पुढें केला. त्याच वर्षीं ३ ऑक्टोबरला आपल्याकडे विविध भारती सुरू झाली. पुढें चामड्याच्या पिशवींत घालून खांद्याला अडकविलेला रेडिओ शेताच्या बांधावर व गुराख्याच्या हातीं दिसूं लागला. ट्रान्झिस्टर हें आंतील एका भागाचें नांव लोकांनीं सबंध पेटीलाच देऊन टाकलें, यावरून त्या भागाचें उपकार त्यांस नकळत उमगले होते असें म्हणावयास हरकत नाहीं. विजेरींतले दोन-चार सेल घातले कीं कित्येक दिवस काम भागे.

डोंगरी मुलखास हा रेडिओ मानवला याचें आणखी एक कारण आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मध्यम लहरींची लांबी कांहींशें मीटर असते. अशी लांब लहर जमिनीच्या उंचसखलपणास फारशी जुमानीत नाहीं. रात्रीं तर ती वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावृत्त होऊन दूरवर येते. मोबाईलची लहर याच्या उलट वीतभर किंवा फार तर हातभर लांबीची. तिच्या वाटेंत डोंगराचा सोंड आडवा आला कीं पलीकडे तिची सावली पडते. रेंज नाहीं, असें आपण म्हणतों तें पुष्कळदां या सावलींत उभे राहून.

तरी मोबाईलचें महत्त्व कमी लेखणें अन्यायाचें होईल. ३ एप्रिल १९७३ रोजीं मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनीं न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून ज्या यंत्रानें संभाषण केलें त्याचें वजन किलोभराहून अधिक होतें. भारतांत पहिलें असें संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्त्याहून ज्योति बसूंनीं दिल्लीस सुखराम यांच्याशीं केलें. रेडिओनें वाडीला ऐकतां येत होतें. मोबाईलनें तिला बोलतां येऊं लागलें. संकटांत हांक मारतां येणें ही केवढी गोष्ट आहे, हें ज्यास डोली करून आजाऱ्याला घाट उतरवावा लागला असेल त्यासच विचारावें. मात्र ही वाचा उसनी आहे. ती टॉवरावर अवलंबून, टॉवर विजेवर अवलंबून, वीज गेली तर बॅटरी व डिझेलवर, आणि डिझेल रस्त्यावर.

ही सांखळी कशी तुटते हें या खोऱ्यानें पाहिलें आहे. जुलै २००५ मध्यें दासगांव, जुई, कोंडिवते व रोहण या गांवीं दरडी कोसळून शंभराहून अधिक माणसें गेलीं. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पाण्याखालीं गेलें. त्याच दिवशीं तळिये गांवावर डोंगर कोसळून ऐंशींहून अधिक जीव गेले, आणि पोलादपूर तालुक्यांत केवनाळें व साखर सुतारवाडी येथेंहि दरडी आल्या. वर महाबळेश्वरास त्या सुमारास चोवीस तासांत सुमारें ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. वीज गेली, रस्ते तुटले, फोन मुके झाले. मदतीचीं पथकें तळियास पोंचलीं तीं दुसऱ्या दिवशीं. प्रत्येक घरांत उत्तम यंत्र होतें. पण हांक खोऱ्याबाहेर जाईना.

यावर नवे उपाय निघत आहेत. टॉवरच्या टापूंतील सर्व मोबाईलांवर एकदम इशारा वाजविण्याच्या चांचण्या २०२३ सालीं आपल्या देशांत झाल्या. उपग्रहाशीं थेट बोलणारे फोनहि निघाले आहेत. दोहोंचें आम्ही मनापासून स्वागत करतों. पण पहिल्यास टॉवर जिवंत लागतो, आणि दुसऱ्यास डोक्यावर मोकळें आकाश. अरुंद दरींत व दाट झाडींत तेंहि सहज मिळत नाहीं. परावलंबन नाहींसें होत नाहीं, तें जागा बदलतें, असाच या सर्व इतिहासाचा निष्कर्ष निघतो. दोन यंत्रांचें परावलंबन दोन निराळ्या ठिकाणीं असेल, तर मात्र एक बंद पडतांच दुसरें उपयोगीं पडण्याचा संभव राहतो.

म्हणून जुन्या ट्रान्झिस्टरास केवळ आठवणींची वस्तु समजणें आम्हांस मान्य नाहीं. अनेक देशांनीं मध्यम लहरींचीं केंद्रें बंद केलीं आहेत, आणि नव्या फोनांत त्या लहरी ऐकण्याची सोय बहुधा नसतेच. आपल्याकडे हा निर्णय करणारांनीं तो करतांना सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्या डोळ्यांपुढें ठेवाव्यात, आणि टॉवरांस किती तासांची राखीव वीज आहे याचा हिशेब आषाढाच्या आधींच मागून घ्यावा. गृहस्थांनीं आपल्यापुरतें एवढेंच करावें: मृग लागण्यापूर्वीं कपाटांतला संच बाहेर काढावा, गंजलेले सेल टाकून नवे घालावेत, आणि तो बोलतो कीं नाहीं हें एकदां ऐकून पाहावें.