एका सैनिकी संगीत नाट्यांतील वगळलेलें पद

नाटकाची संहिता ऐतिहासिक साधन म्हणून कितपत पुरेशी मानावी, हा प्रश्न संशोधकांपुढें वारंवार येतो. रंगभूमीवर जें गाइलें गेलें तें संहितेंत सांपडतें. परंतु लिहून बाजूस ठेविलेल्या पदाचें काय? अमेरिकेंतील एका युद्धकालीन नाट्याच्या आधारें या प्रश्नाचा येथें थोडक्यांत विचार कर्तव्य आहे.

गीतकार अर्विंग बर्लिन (जन्म १८८८) हा मूळचा रशियन साम्राज्यांतील ज्यू कुटुंबांतला. बालपणींच तो न्यूयॉर्कला आला. १९१८ सालीं सक्तीच्या भरतीनें तो लाँग आयलंडवरील यापहँक गांवाजवळच्या कँप अप्टन या छावणींत दाखल झाला. छावणींत भेटीस येणाऱ्या आप्तेष्टांसाठीं इमारत बांधावयाची होती. त्या निधीकरितां त्यानें ‘यिप यिप यापहँक’ हें संगीत नाट्य रचिलें व ऑगस्ट १९१८ मध्यें न्यूयॉर्कच्या सेंचुरी नाट्यगृहांत त्याचे प्रयोग सुरू झाले. नट सर्व शिपाईच, स्त्रीभूमिकाही त्यांच्याच. कवायत, मुदपाकखान्यांतील पाळी, पहाटे उठविणाऱ्या बिगुलवाल्यावरचा राग, हाच विषय. शेवटीं फ्रान्सला निघालेली पलटण रंगमंचावरून उतरून प्रेक्षकांमधून चालत जाई. अखेरच्या प्रयोगास हा अभिनय नसून खरोखरीचें प्रस्थान आहे, हें प्रेक्षकांच्या ध्यानीं आलें, असें त्याचे चरित्रकार लिहितात.

याच अखेरच्या प्रवेशासाठीं बर्लिननें ‘गॉड ब्लेस अमेरिका’ हें पद लिहिलें होतें. परंतु प्रत्यक्ष युद्धावर निघालेल्या शिपायांच्या तोंडीं अशी गंभीर प्रार्थना घालणें अतिरेकाचें होईल, असें वाटून त्यानें तें वगळलें. पुढें वीस वर्षें तें त्याच्या कागदांत पडून राहिलें. युरोपवर पुन्हा युद्धाची छाया पडली तेव्हां त्यानें तें बाहेर काढिलें, आणि १० नोव्हेंबर १९३८ रोजीं, युद्धविरामाच्या विसाव्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशीं, केट स्मिथ या गायिकेनें तें नभोवाणीवर म्हटलें.

या दोन पाठांतील भेद लक्षांत घेण्याजोगे आहेत. १९१८ च्या पाठांत भूमीवर व समुद्रावर विजय मागितलेला आहे. १९३८ च्या पाठांतून ती मागणी काढून टाकिली आहे. ‘योग्य मार्ग’ या अर्थानें आलेला एक इंग्रजी शब्द मधल्या काळांत ‘उजव्या’ राजकीय मताचा वाचक झाला होता. म्हणून तोही बदलला. रणांगणाची प्रार्थना शांततेची झाली, ती या दोन फेरफारांनीं.

घरीं परतलेला शिपाई मात्र त्या नाट्यांत नाहीं. तो १९१९ सालच्या एका स्वतंत्र विनोदी गीतांत येतो. तेथें पूर्वीचा कप्तान आतां त्या शिपायाच्या हाताखालीं नोकरीस आहे. दुसऱ्या महायुद्धांत बर्लिननें ‘धिस इज द आर्मी’ हें नाट्य ४ जुलै १९४२ रोजीं न्यूयॉर्कमध्यें रंगभूमीवर आणिलें. त्यांत १९१८ चा गणवेष चढवून, जुन्या सोबत्यांसह, त्यानें बिगुलवाल्यावरचें तेंच गीत गाइलें. अमेरिकन सैन्यांत वर्णभेद असतांही या पथकांत गोरे व कृष्णवर्णी सैनिक एकत्र होते. अखेरचा प्रयोग ऑक्टोबर १९४५ मध्यें हवाई बेटांत होऊन मंडळी घरोघर गेली.

बर्लिनला स्वरलिपि लिहितां येत नसे. तो गाई व वाजवी आणि लेखनिक उतरून घेई. म्हणजे कर्ता एक व लेखक दुसरा, ही आपल्या पोथ्यांतील स्थिति तेथेंही आहे. त्याचे कागद त्याच्या कन्यांनीं १९९२ सालीं वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयास दिले. पोथींत हरताळ लाविलेल्या अक्षरांखालचा मूळ पाठ वाचण्याची खटपट आपण करितोंच. तोच न्याय जुन्या नाटकमंडळ्यांच्या पदांच्या वह्यांस लाविला पाहिजे. छापील प्रत उपलब्ध आहे, एवढ्यावरून खोडलेल्या पदांची वही रद्दींत घालूं नये, अशी संग्राहकांस विनंति आहे. कवीनें काय लिहिलें तें छापील प्रतीवरून कळतें. कोणत्या क्षणीं त्यानें मौन पत्करिलें, तें मात्र त्या वहीवरूनच कळेल.