गालातला विडा आणि सूक्ष्मदर्शकाखालचा तुकडा

रोग शरीराच्या नेमक्या कोणत्या जागी उद्भवतो, या साध्या प्रश्नाने कर्करोगाच्या कारणमीमांसेला जेवढे साहाय्य केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कोणत्या प्रश्नाने केले असेल. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेवर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला, तो जागेवरूनच; आणि १८६६ मध्ये काश्मीरमधील मिशनरी डॉक्टर एल्म्स्ली यांनी पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा, थंडीत फेरन या सैल अंगरख्याच्या आत धरलेली निखाऱ्यांची कांगडी अंगाला जिथे टेकते तीच ही जागा आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. भारतात या विचारपद्धतीचा सर्वांत विस्तृत आणि दीर्घकाळ चाललेला वापर तोंडाच्या कर्करोगाच्या संशोधनात झाला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून त्या संशोधनाचे एक प्रमुख केंद्र मुंबईतील परळ हे राहिले.

पान, सुपारी, चुना, कात आणि पुढे त्यात मिसळलेली तंबाखू यांचा विडा गालफडात किंवा दाढेखाली धरून ठेवणे ही सवय देशभर इतकी अंगवळणी पडलेली होती की तिच्याकडे रोगाचे कारण म्हणून पाहणे सहज घडण्यासारखे नव्हते. ही शंका पहिल्यांदा लेखी स्वरूपात मांडली गेली ती दक्षिणेतील शल्यचिकित्सकांकडून. मद्रासचे निब्लॉक यांनी १९०२ मध्ये गालाच्या कर्करोगाची तंबाखूयुक्त विड्याशी सांगड घातली. त्रावणकोर संस्थानातील नेय्यूर येथे लंडन मिशनरी सोसायटीचे मोठे रुग्णालय होते. तेथील शस्त्रक्रियांच्या नोंदींवरून फेल्स आणि बेंटॉल यांनी १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये स्वतंत्र लेख लिहिले, त्यांपैकी फेल्स यांच्या लेखात तोंडाच्या कर्करोगावरील २०९ शस्त्रक्रियांचे विश्लेषण होते. त्याच रुग्णालयातील ऑर यांनी १९३३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात विड्याच्या सवयीचा तपशील, म्हणजे त्यातील घटक आणि तो चघळण्याची रीत, रोगाशी ताडून पाहिला. या सर्वांच्या लेखनात एक उणीव होती आणि ती त्या काळाचीच होती: रुग्णालयात येणाऱ्यांपैकी किती जण विडा खातात हे त्यांना सांगता येत होते, परंतु निरोगी शेजाऱ्यांपैकी किती जण खातात याची मोजदाद बहुधा झालेली नसे, आणि तिच्यावाचून सवय व रोग एकत्र आढळतात एवढेच म्हणता येते; सवयीमुळे रोग होतो असे म्हणता येत नाही.

टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळमध्ये सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकर हे विकृतिविज्ञानाचे, म्हणजे रोगामुळे शरीरातील ऊतकांत होणाऱ्या बदलांच्या शास्त्राचे, अभ्यासक होते. ऊतक म्हणजे समान रचना आणि समान कार्य असलेल्या पेशींचा समूह. कर्करोग हा पाश्चात्त्य देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आहे, अशी समजूत तोवर प्रचलित होती, आणि जिथे तो दिसे तिथे हवामान किंवा वंश यांकडे बोट दाखवले जाई. मुंबईच्या रुग्णालयात मात्र एकाच शहराचे पाणी पिणारे, पण खाण्यापिण्याच्या आणि व्यसनांच्या चालीरीतींनी वेगळे असलेले दख्खनी, गुजराती, पारशी असे समाज एकाच बाह्यरुग्ण विभागात येत होते, आणि वंश व हवामान यांच्यापासून सवय वेगळी काढून पाहण्याची संधी खानोलकरांना त्यातून मिळाली. तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठच्या १,००० रुग्णांचा त्यांनी घेतलेला आढावा १९४४ मध्ये ‘कॅन्सर रिसर्च’ या अमेरिकन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी सूर्याबाई यांच्यासह त्यांनी चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर निबंध लिहिला. कमरेला करकचून नेसलेल्या धोतराच्या काठाने वर्षानुवर्षे त्वचा घासली जाऊन तिथला रंग उडतो, ती जाड होते आणि क्वचित तिथेच कर्करोग उद्भवतो, हे त्यांनी त्यात दाखवले. चुन्याशी मळलेली खैनी खालच्या ओठाच्या खोबणीत ठेवणाऱ्यांना त्याच खोबणीत होणारा कर्करोगही त्यांनी नोंदवला. भारतीय विकृतिविज्ञानाने रुग्णाच्या नेसण्या-खाण्याला प्रयोगशाळेतील निरीक्षणाइतकेच पुराव्याचे मोल दिले ते या निबंधापासून, असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतरची पायरी संख्याशास्त्राची होती. १९५२ मध्ये परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि सांघवी, राव व खानोलकर यांनी १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कर्करोगाच्या रुग्णांच्या सवयींची तुलना तो रोग नसलेल्यांच्या सवयींशी पद्धतशीरपणे केली. रोग झालेले आणि न झालेले असे दोन गट घेऊन त्यांच्या पूर्वायुष्यात मागे जाणाऱ्या अशा पडताळणीला रुग्ण-तुलना अभ्यास म्हणतात. नेय्यूरच्या डॉक्टरांना जी मोजदाद साधली नव्हती ती इथे झाली. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या पुढच्या भागाचा, म्हणजे गाल-हिरड्यांचा, तर बिडी ओढणाऱ्यांत जिभेच्या मुळाचा आणि घशाचा कर्करोग अधिक, असा जागांचा स्पष्ट भेद आकड्यांतून उमटला. कारण ज्या मार्गाने जाते त्या मार्गावर रोग उभा राहतो, ही गोष्ट इतक्या निःसंदिग्धपणे दाखवून देणारे अवयव शरीरात फार थोडे आहेत.

सवय आणि कर्करोग यांच्या मधल्या वर्षांत ऊतकात काय घडते, हा प्रश्न मात्र आकड्यांनी सुटणारा नव्हता. तोंडाच्या आतील अस्तरात, म्हणजे श्लेष्मल त्वचेत, वर चपट्या पेशींचे अनेक थर असलेले अभिस्तर असते आणि त्याखाली तंतू, रक्तवाहिन्या व पेशी असलेले मऊ संयोजी ऊतक असते. सततच्या क्षोभाने अभिस्तर जाड होऊन त्यावर पुसून न निघणारा पांढरा डाग धरतो. या डागाला बुडापेस्टचे श्विमर यांनी १८७७ मध्ये दिलेले ल्युकोप्लाकिया हे नाव आजही रूढ आहे. डॉक्टरांनी ‘तुकडा’ काढून पाठवला की प्रयोगशाळेत तो मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप घेतात आणि ते रंगवून काचपट्टीवर पाहतात. निरोगी कापात तळाच्या पेशी एका ओळीत, सारख्या आकाराच्या असून वर सरकताना क्रमाने चपट्या होत गेलेल्या दिसतात. बिघाड सुरू झाला की हा क्रम मोडतो, पेशींची केंद्रके मोठी आणि गडद होतात आणि विभाजन पावणाऱ्या पेशी तळाचा थर सोडून वरही दिसू लागतात. या बदलांना डिस्प्लेशिया म्हणतात. अशा पेशी अभिस्तराची खालची सीमा ओलांडून संयोजी ऊतकात शिरल्या की त्या कर्करोगाच्या ठरतात. त्या सीमेपर्यंतचा काळ अनेकदा वर्षांचा असतो, आणि प्रतिबंधाला वाव आहे तो त्याच काळात.

परळच्या या अभ्यासांच्याच सुमारास दुसऱ्या एका विकाराने संशोधकांना दीर्घकाळ चकवले. १९५२ मध्ये श्वार्ट्झ यांनी केनियातील पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील एका अपरिचित विकाराचे वर्णन केले आणि १९५३ मध्ये मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस. जी. जोशी यांनी टाळू व घशाच्या कमानींच्या अशाच विकाराला सबम्यूकस फायब्रोसिस, म्हणजे अस्तराखालची तंतुमयता, म्हटले. या विकारात गालाचे अस्तर फिकट व ताठ होते, आत दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, तिखट मुळीच सोसत नाही आणि तोंड उघडणे हळूहळू कमी होत जाऊन शेवटी घास घेणेही कठीण होते. रुग्णांची पहिली तक्रार तिखट झोंबण्याची असल्यामुळे संशय मिरचीवर गेला. खानोलकर आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या तज्ज्ञ सत्यवती शिरसाट यांनी निकृष्ट आहारावर ठेवलेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतील कॅप्सायसिन लावून त्यात होणाऱ्या तंतुमय बदलांचा अभ्यास १९६० मध्ये प्रसिद्ध केला. सुपारीतील अरेकोलीन या द्रव्यावरचा त्यांचा प्रयोग १९६२ चा आहे, परंतु मिरचीचे गृहीतक त्यामुळे मागे पडले नाही. ते मागे पडले ते भूगोलामुळे. मेक्सिकोसारख्या मिरची भरपूर खाणाऱ्या देशांत हा विकार आढळत नव्हता आणि सुपारी चघळणाऱ्या प्रदेशांत तो आढळत होता. त्यातही तैवानमध्ये विड्यात तंबाखू घालण्याची चाल नसताना १९७९ मध्ये तिथे त्याचे रुग्ण नोंदले गेले, तेव्हा तंबाखूपासून सुपारी वेगळी करून पाहणे शक्य झाले. संयोजी ऊतकातील कोलाजेन हे तंतुरूप प्रथिन सतत तयार होत असते आणि सतत विघटनही पावत असते. सुपारीतील अरेकोलीन ते तयार करणाऱ्या पेशींना चेतवते, तिच्यातील टॅनिनांमुळे तयार झालेले तंतू विघटनाला दाद देत नाहीत आणि तिच्यातील तांबे तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधणाऱ्या विकराला बळ देते, असा उलगडा पुढच्या दशकांत झाला. लक्षण आणि कारण यांची गल्लत प्रयोगशाळेतील उत्तम प्रयोगानेही कशी टिकून राहते, याचे इतके बोलके उदाहरण भारतीय वैद्यकाच्या इतिहासात दुसरे सहसा सापडणार नाही. त्याने त्या प्रयोगांचे मोल कमी होत नाही, कारण तंतुमयतेची सूक्ष्म रचना त्यांच्यामुळेच प्रथम समजली.

रुग्णालयाच्या दाराबाहेर पडून हा शोध खेड्यांत पोचला तो टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता यांच्या दंतसंशोधन विभागामुळे. कोपनहेगनचे मुखविकृतितज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग त्यांच्यासोबत होते आणि खर्चाची तरतूद अमेरिकेच्या पीएल ४८० निधीतून झाली. केरळातील एर्नाकुलम, आंध्रातील श्रीकाकुलम, गुजरातेतील भावनगर आणि तेव्हाच्या बिहारमधील सिंगभूम व दरभंगा या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची तोंडे दंतवैद्यांनी घरोघर जाऊन तपासली. १९६९ मध्ये या पाहणीचे निष्कर्ष आले. श्रीकाकुलमच्या किनारपट्टीवर चुट्टा या गावठी चिरुटाचे जळते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत स्त्रियांत रूढ आहे, आणि तिथे बदल टाळूवर होते. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची अशीच पाहणी पुणे जिल्ह्यात होऊन १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि मशेरीचा प्रश्न शास्त्रीय वाङ्मयात ठळकपणे आला. तव्यावर काळी पडेपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून केलेली ही पूड खेड्यापाड्यांतील बाया दात घासण्यासाठी वापरतात. दात घासण्याचे निमित्त असते ते सकाळी, पुढे दिवसातून अनेकदा ती हिरड्यांना लावली जाते. बायका व्यसनी नसतात या समजुतीमुळे जी तंबाखू हिशेबातच धरली जात नव्हती ती या पाहणीने हिशेबात आणली, हे तिचे श्रेय.

एकदा तपासलेल्या माणसांना वर्षानुवर्षे पुन्हा शोधून तपासणे हे याहून कष्टाचे काम होते, आणि या इतिहासात सर्वाधिक आदर वाटावा ते त्याच कामाबद्दल. दहा वर्षांच्या अशा पाठपुराव्यातून १९८० मध्ये निष्पन्न झाले की नवे कर्करोग केवळ तंबाखू वापरणाऱ्यांतच उद्भवले आणि त्यांच्या आधी जवळजवळ प्रत्येक वेळी त्या तोंडात कर्करोगपूर्व बदल नोंदलेला होता. एर्नाकुलममधील सबम्यूकस फायब्रोसिसच्या ६६ रुग्णांचा १७ वर्षे मागोवा घेतला असता त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाल्याचे १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण काढून घेतले तर ऊतक सावरते का, हे पाहण्यासाठी एर्नाकुलम, श्रीकाकुलम व भावनगरमधील ३६,००० हून अधिक तंबाखूसेवकांना समक्ष भेटून, चित्रपट आणि फलक दाखवून सवय सोडण्याचा सल्ला देण्यात आला. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या निष्कर्षांत सवय सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आणि ल्युकोप्लाकियाचे नवे रुग्ण घटलेले दिसले. पांढरा डाग सवय सुटल्यावर पुष्कळदा विरतो. तंतुमयता मात्र सुपारी सोडल्यावरही मागे फिरत नाही.

हा फरक पुढच्या काळात निर्णायक ठरला, कारण त्याच सुमारास सुपारीने आपले रूप बदलले. अडकित्त्याने कातरून चंचीतून काढलेली सुपारी, पान लावण्याचा वेळ आणि थुंकण्याची जागा ही सगळी बंधने पान मसाला व गुटख्याच्या पुडीने एका फटक्यात काढून टाकली. पानाचे ओले पातळ वेष्टन गेले आणि सुक्या सुपारीचा चुरा थेट अस्तराला लागू लागला. तंतुमयतेचा जो विकार पूर्वी मध्यमवयीनांत दिसे तो शाळकरी मुलांत दिसू लागला. परळच्या केंद्रात कमल रणदिवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखूच्या कर्करोगकारकतेवरील प्राण्यांमधील प्रयोग १९७६ मध्ये, तर भिडे आणि इतरांनी सुपारीच्या अर्कावरील प्रयोग १९७९ मध्ये प्रसिद्ध केले होते. लिओं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त विड्याला १९८५ मध्ये कर्करोगकारक ठरवले. परंतु तंबाखूविरहित विडा आणि नुसती सुपारी यांबद्दल तसाच निर्णय द्यायला २००४ चा अहवाल यावा लागला.

महाराष्ट्र शासनाने २००२ मध्ये गुटख्यावर पाच वर्षांची बंदी घातली होती. राज्यांना तसा अधिकार त्या वेळच्या अन्नभेसळ कायद्याने दिलेला नाही, या कारणावरून सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये अशा बंद्या रद्द केल्या. अन्नपदार्थांत तंबाखू वा निकोटीन घालण्यास मनाई करणारा केंद्रीय नियम २०११ मध्ये झाल्यानंतर २०१२ च्या जुलैमध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पान मसाल्यावर पुन्हा बंदी आणली. तेव्हापासून देशाच्या अनेक भागांत सुपारीची पुडी आणि तंबाखूची पुडी वेगवेगळी विकली जाते व गिऱ्हाईक ती स्वतः एकत्र करते. १९५५ च्या अभ्यासाने चघळणाऱ्यांच्या गालात आणि हिरड्यांवर जो रोग मोजला होता तोच रोग टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आजही रोज तपासला जातो.