स्वतःची छोटी वेबसाईट चालवताय? डोमेन आणि बॅकअप आधी सांभाळा

वेबसाईट सुरू कशी करायची यावर ढीगभर व्हिडिओ सापडतात. ती पाच-सात वर्षं चालू कशी ठेवायची, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मीही हे चूक करूनच शिकलो.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी वर्डप्रेसवर एक साईट काढली होती. आजीच्या जात्यावरच्या ओव्या लिहून काढायचो आणि सोबत तिच्या आवाजातलं रेकॉर्डिंग टाकायचो. पुढे नोकरी लागली, साईटकडे बघणं राहूनच गेलं. एक दिवस उघडायला गेलो, तर साईट गायब!

डोमेन कोणाच्या ईमेलवर आहे?

डोमेन म्हणजे साईटचा पत्ता आणि होस्टिंग म्हणजे फाइल्स ठेवायची जागा. दोन्हींची मुदत वेगवेगळी असते. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ठरावीक वर्षांसाठी नोंदवावं लागतं. डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी मिळतं.

मी दोन्ही खाती कॉलेजच्या ईमेलवर उघडली होती. डिग्री झाली, तो ईमेल बंद झाला. डोमेन कंपनीला मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना पाठवाव्याच लागतात. पण बंद पडलेल्या ईमेलवर त्या वाचणार कोण?

मुदत संपल्यावर डॉट कॉमचं साधारण असं होतं:

- आधी काही दिवसांची सवलत. ती किती, हे कंपनीवर अवलंबून.
- कंपनीने डोमेन रद्द केलं की ३० दिवसांचा 'रिडेम्प्शन' काळ. यात जादा पैसे भरून ते परत मिळतं.
- मग ५ दिवस काहीच करता येत नाही. त्यानंतर ते कोणीही घेऊ शकतं.

मला ते रिडेम्प्शनमध्ये मिळालं, पण नेहमीच्या फीच्या कितीतरी पट पैसे गेले. म्हणून डोमेन कायम स्वतःच्या, रोज बघता त्या ईमेलवर ठेवा. ऑटो-रिन्यू आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. कार्ड बदललं तर तिथेही बदला.

बॅकअप अर्धा तर नाही ना?

होस्टिंगची मुदतही संपली होती आणि सर्व्हरवरच्या फाइल्स पुसल्या गेल्या होत्या. 'बॅकअप आहे की!' म्हणून मी निवांत होतो. इथेच फसलो.

वर्डप्रेसमध्ये मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. फोटो आणि ऑडिओ मात्र 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमधल्या 'अपलोड्स'मध्ये असतात. मी फक्त डेटाबेस उतरवून ठेवला होता. त्यामुळे ओव्या परत आल्या, आवाज आला नाही. जुन्या फोनमध्ये निम्मी रेकॉर्डिंग सापडली. बाकीची पुन्हा करायला आजी राहिली नव्हती.

तेव्हापासून मी ३-२-१ नियम पाळतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. होस्टिंग कंपनीकडचा बॅकअप यात धरू नका. खातं गेलं की तोही जाऊ शकतो.

आणि बॅकअप एकदा लॅपटॉपवर रिस्टोअर करून बघाच. मराठी अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर कॅरेक्टर सेट चुकलाय. तो 'यूटीएफ८एमबी४' हवा. डेटा प्रश्नचिन्हांच्या रूपातच सेव्ह झाला असेल, तर त्या प्रतीतून मूळ अक्षरं परत मिळत नाहीत.

महिन्यातून अर्धा तास

- वर्डप्रेस, थीम आणि प्लगिन अपडेट करा, पण बॅकअप घेतल्यावरच.
- न वापरलेले प्लगिन नुसते बंद ठेवू नका, काढूनच टाका.
- एसएसएल सर्टिफिकेट तपासा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, पण त्याची मुदत काही महिन्यांचीच असते. ते आपोआप रिन्यू होतंय ना, ते बघा.
- साईट मोबाईल डेटावर उघडून दोन-चार जुन्या पोस्ट वाचा. तुटलेले फोटो लगेच दिसतात.

थीम बिघडली तर दुसरी टाकता येते, होस्टिंग बदलता येतं. डोमेन आणि पूर्ण बॅकअप तुमच्या हातात असला, तर साईट पुन्हा उभी राहते. तेव्हा हे वाचून झालं की एकच करा: तुमचं डोमेन कोणत्या ईमेलवर आहे, ते आत्ता उघडून बघा.