पंचवीसपैकी किती?

कोविडच्या साथीत, 2021च्या एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईत काय किंवा बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या मराठी घरांत काय, फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "स्कोअर किती आला?" आठ म्हटलं की हायसं वाटे, अठरा म्हटलं की बेडसाठी धावाधाव सुरू.

सीटी स्कोअरचा हा आकडा बेरजेचा आहे. फुफ्फुसांचे खंड पाच, उजवीकडे तीन आणि डावीकडे दोन. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक खंड किती पांढुरका दिसतो त्यावर शून्य ते पाच गुण. पांढुरकेपणा पाऊण खंडाच्या वर गेला की पाच. म्हणून एकूण पंचवीस. 2020 मध्ये वुहानच्या डॉक्टरांनी ही पद्धत कोविडला लावली. खंडवार गुण देण्याची चाल सार्सच्या रुग्णांपासूनची.

पांढुरकं म्हणजे आजारी, हे मात्र कसं कळलं? ते कूळ पॅरिसचे डॉक्टर लाएनेक यांच्यापर्यंत जातं. स्टेथोस्कोप त्यांचाच. छातीतले आवाज ते टिपून ठेवत आणि रुग्ण दगावला की शवविच्छेदनात तीच जागा पाहत. 1819 साली त्यावर त्यांचा ग्रंथ आला. पुढे 1895 मध्ये क्ष-किरण आले, 1971 मध्ये सीटी. आवाजाच्या जागी चित्र आलं, पडताळा तोच राहिला.

सीटीच्या मापात हवा उणे 1000, पाणी शून्य. 'ग्राउंड ग्लास' म्हणजे धुरकट पांढुरकेपणा दिसतो तिथे हवेची जागा दुसऱ्या कशानेतरी थोडीफार घेतलेली असते. ते पाणी, रक्त, पू की नवे तंतू, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही; शवविच्छेदनात ते दिसतं.

एचएसआर लेआउटवरून होसूर रोडने तमिळनाडूकडे निघालं की अत्तिबेलेच्या अलीकडे ऑक्सफर्ड मेडिकल कॉलेज लागतं. ऑक्टोबर 2020 मध्ये तिथले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. दिनेश राव यांनी कोविडने गेलेल्या 62 वर्षांच्या गृहस्थांचं शवविच्छेदन केलं. फुफ्फुसं चामडी चेंडूसारखी टणक, वायुकोश फाटलेले, रक्तवाहिन्यांत गुठळ्या. इटली-अमेरिकेतल्या शवविच्छेदनांतही गुठळ्या आढळल्या होत्या. स्कोअरमध्ये गुठळ्यांना गुण नाहीत.

स्कोअर रोगाचा पसारा मोजतो, त्याची जात नव्हे. तेव्हा पुढच्या साथीत आधी ऑक्सिजनची पातळी विचारा, मग स्कोअर. आणि डॉक्टरांनी कधी शवविच्छेदनाची परवानगी मागितली, तर ऐकून घेण्याआधीच नकार देऊ नका.