देऊळ आणि तालीम : आपल्या भागातील बलोपासना

ग्रामस्थांच्या श्रमाने आणि दानशूर भाविकांच्या सढळ हातांनी मंदिराचा जीर्णोद्धार पार पडला, ही हिमायतनगरच्या, म्हणजेच आपल्या जुन्या वाढोण्याच्या, दृष्टीने मोठ्या समाधानाची गोष्ट होय. या शुभप्रसंगी देवळाच्या सावलीत वाढलेल्या आणखी एका संस्थेचे स्मरण करणे उचित ठरेल. ती संस्था म्हणजे तालीम. आपल्याकडे तालमीत मारुतीराया असतोच. त्याला नमस्कार केल्यावाचून मल्ल मातीत पाऊल टाकीत नाही.

मल्लविद्येची परंपरा आपल्या मुलखात फार जुनी आहे. लातूरच्या सीमेपलीकडे असलेले बसवकल्याण ही चालुक्य राजांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. वय, देहयष्टी व बळ पाहून मल्लांची प्रतवारी कशी करावी, त्यांनी व्यायाम कोणता करावा आणि राजाने त्यांना खुराक काय द्यावा, हे त्यात सांगितले आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी मल्लाच्या पोटाची चिंता राज्य वाहत होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढे पेशवाईच्या अखेरीस मल्लखांबाला नवे रूप आले. हैदराबादेहून अली व गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्यास आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात आव्हान दिले. तरुण बाळंभटदादा देवधरांनी ते स्वीकारले, सप्तशृंगीला जाऊन साधना केली आणि अलीला चीत केले, अशी कथा परंपरेने सांगतात. लाकडी खांबाला प्रतिस्पर्धी मानून पकड, उडी व पेच यांचा सराव करावयाचा, हे त्या विद्येचे मर्म. खांबाला एरंडेल लावतात. त्यामुळे हातापायांची पकड पक्की नसेल तर खेळाडू घसरतोच.

आपल्या जिल्ह्याचे ठिकाण नांदेड. तेथे 1708 साली गुरू गोविंदसिंहजींचे वास्तव्य झाले व तेथेच ते ज्योतीज्योत समावले. हुजूर साहिबच्या परंपरेत शस्त्रविद्येला धर्माचरणाचे स्थान आहे. गतका शिकणारा मुलगा प्रथम लाकडी काठी व ढाल हाती घेतो, पायांची चाल शिकतो आणि मगच तलवारीपर्यंत पोहोचतो. कोल्हापूरकडील मर्दानी खेळांतही लाठी आधी व दांडपट्टा नंतर असाच क्रम असतो. पंथ निराळे, हत्यारे निराळी, परंतु पायाची शिस्त एकच, असे म्हणावे लागते.

तालमीची शिस्तही अशीच. पहाटे उठून आखाडा खणावयाचा, तांबड्या मातीत ताक, तेल, हळद व लिंबू घालून ती मऊ करावयाची, मग जोर, बैठका, मुद्गल आणि शेवटी वस्तादांच्या नजरेखाली लढत. नवख्याला धोबीपछाड, ढाक, कलाजंग हे डाव एकदम शिकवीत नाहीत. आधी दम व मान तयार करून घेतात. तालमीत जात विचारीत नाहीत. माती सर्वांच्या अंगाला सारखीच लागते.

निजामी अमलात सभांप्रमाणे आखाड्यांवरही सरकारची नजर असे व परवानगीवाचून आखाडा चालविणे कठीण होते. आर्य समाजाने 1938-39 साली केलेल्या सत्याग्रहामागे हेही एक कारण होते. दिनांक 17 सप्टेंबर 1948 रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्यानंतर 1961 साली पहिली 'महाराष्ट्र केसरी' गदा औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिनकर दह्यारी यांनी पटकावली.

दोन मल्लांची उदाहरणे आपल्या तरुणांनी ध्यानात ठेवावीत. पहिले कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीची सवय नव्हती. ती उणीव त्यांनी भरून काढली. 1952 साली हेलसिंकीला जाण्यास पैसा नव्हता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून 7000 रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ते पदक जेवढे खाशाबांचे, तेवढेच वर्गणी देणाऱ्या हातांचेही आहे.

दुसरे आपल्याच मराठवाड्याचे हरिश्चंद्र बिराजदार. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचा हा मुलगा कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडला, 1969 साली महाराष्ट्र केसरी झाला आणि 1970 साली एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्णपदक मिळविले. पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी अनेक मल्ल तयार केले. 2011 साली ते निवर्तले. त्यांच्या गुणांना वाव मिळाला, परंतु त्यासाठी घर सोडून कोल्हापूर गाठावे लागले. ज्या बापाला मुलाच्या खुराकाचा व राहण्याचा खर्च झेपत नाही, त्याच्या मुलाने कोठे जावे, हा प्रश्न आजही शिल्लक आहे.

आता काळ बदलला आहे. मोठ्या स्पर्धा गादीवर होतात. 2004 पासून ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची कुस्ती आहे व 2016 साली साक्षी मलिक हिने कांस्यपदक मिळविले. सबब तालीम केवळ मुलांची, असे मानण्याचे कारण उरलेले नाही. यात्रेत कुस्त्या लावून इनाम देणे चांगलेच. परंतु इनाम एका दिवसाचे असते आणि मल्ल घडण्यास आठ-दहा वर्षे लागतात.

देवळाला कळस चढला. आता त्याच पुण्याईतून गावात मातीचा एक आखाडा, एक गादी आणि गरीब घरच्या चार मुलामुलींच्या दुधाची सोय व्हावी, अशी ग्रामस्थ व दानशूर मंडळींच्या चरणी नम्र विनंती आहे. पावती पुस्तकातील ती नोंद मारुतीरायाला अधिक आवडेल, अशी माझी श्रद्धा आहे.